महालातली रात्र

दारव्ह्याच्या बसस्टँडमागं प्रेरणा गावंडेची खानावळ आहे. पण तालुक्यातल्या बायका तिला खानावळवाली म्हणून ओळखत नसत, सहलवाली म्हणून ओळखत. वर्षातून एकच सहल ती काढायची. पोळा झाला, निंदणं आटोपलं, सोयाबीन अजून हिरवं आहे आणि कापूस फुटायला अवकाश आहे, अशा मधल्या आठवड्यात. त्या आठवड्यात बायकांवाचून कोणाचं काही अडत नाही, असं घरचे पुरुष म्हणत. "अडत नाई ना?" प्रेरणा म्हणायची. "मंग नेते मी त्याईले." आणि नेल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन सुरू होत, की मिठाचा डबा कुठं ठेवला.

सहलीची तऱ्हा न्यारी होती. भारत नावाच्या ड्रायव्हरची जुनी बस, तिच्या मागच्या सीटखाली गॅसची टाकी, पीठ, तिखट-मीठ आणि दोन मोठे गंज, म्हणजे पातेली. रस्त्याच्या कडेला सावली बघून बस थांबवायची आणि बायकांनीच पिठलं-भाकरी रांधायची. मुक्काम धर्मशाळेत नाहीतर एखाद्या रिकाम्या मंगल कार्यालयात, स्वतःच्या चादरीवर. पाहायचं तेही फुकटातलं किंवा स्वस्तातलं. देवळं, घाट, धरणं, किल्ले आणि बाजार. "बजार पाह्यले पैसे लागत नाईत, घ्याले लागतात," हे ती बसमध्ये रोज सकाळी बजावायची, आणि संध्याकाळी प्रत्येकीच्या पिशवीत बांगड्या निघायच्या.

असे सहा दिवस काटकसरीचे. सातवी रात्र मात्र मोठ्या हॉटेलात. मोठ्या म्हणजे खरोखर मोठ्या, जिथं दारातला माणूस फेटा बांधून सलाम ठोकतो आणि पायाखाली आरशासारखी फरशी असते. पावसाळ्यात अशा हॉटेलांना गिऱ्हाईक कमी, भाव उतरलेले. प्रेरणा दोन महिने आधीपासून फोनवर घासाघीस करून खोल्या मिळवायची. बायका त्या रात्रीला 'म्हालातली रात' म्हणत आणि पुढचं वर्षभर कापसाच्या तासात, ओळीनं वेचताना, तिचीच गोष्ट एकमेकींना सांगत.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते एका लग्नात. मावसबहिणीचं लग्न नागपूरला अशाच एका हॉटेलात झालं. नवऱ्याकडची मंडळी हॉटेलात उतरली आणि मुलीकडची, म्हणजे दारव्ह्याची, मागच्या गल्लीतल्या एका हॉलमध्ये. का, तर आपली माणसं गाठोडी घेऊन येतात आणि खर्रा खाऊन कुठंही थुंकतात, असं मुलीच्याच घरच्यांचं म्हणणं. प्रेरणा आत जायला लागली तर दरवानानं विचारलं, कोणाकडे काम आहे? बहिणीचं लग्न आहे, हे सांगायला तिची जीभ उचलेना. परत येताना बसमध्ये ती ढसाढसा रडली आणि रडणं थांबल्यावर तिनं ठरवलं, की या दारातून मी गाठोड्यांसकट बायका आत नेईन.

गावात नावं ठेवणारे होतेच. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं तिला नवऱ्यानंच ऐकवलं. ती म्हणाली, "सा रात्री अंथरूण पाहूनच पसरतो ना आमी? सातव्या रात्री तरी पाय सरके करू द्या."

तिचा सगळा जम बसला होता तो एका नियमावर. प्रत्येक बाईला एक सोबतीण. बसमध्ये दोघी एका सीटवर, देवळाच्या रांगेत दोघी मागंपुढं, लघवीला जायचं तरी दोघींनी. बस सुटताना प्रेरणा डोकी मोजत नसे. ती नुसती ओरडे, "आपापली सोबतीण पाहा!" आणि प्रत्येकीनं शेजारणीचा हात वर केला, की भारत गिअर टाकी. बायका जर विषम असतील, तर उरलेलीची सोबतीण प्रेरणा स्वतः. "माह्या सहलीत एकटं कोनी राहत नाई," असं ती छातीवर हात मारून सांगे आणि ते खरंही होतं. घरचे लोक म्हाताऱ्या सासवा, विधवा आत्या तिच्या हवाली करत ते या एका वाक्यावर.

फक्त महालातल्या रात्री ती स्वतः हॉटेलात झोपत नसे. बसला हॉटेलच्या आवारात कोणी घेत नसे. ती लांब कुठंतरी रस्त्यावर उभी राहायची आणि तिच्यात भांडी, टाकी, बायकांचं सामान. भारत एकटा किती राखणार? शिवाय एक माणूस कमी झालं तर तेवढाच खर्च वाचतो. पाच वर्षांत त्या गादीवर प्रेरणाची पाठ एकदाही टेकली नव्हती. पाच वर्षांत बायका सम होत्या, म्हणून काही अडलंही नव्हतं.

गेल्या वर्षी हैदराबाद ठरलं. जाताना माहूर, मग बासर, मग हैदराबाद आणि तिथलंच हॉटेल. चिंचखेडच्या दोघी पहिल्यांदाच येणार होत्या, रुपीबाई आणि विमलताई. रुपीबाई पासष्टीची, हडकुळी, बोलायला भित्री. विमलताई तिच्याहून चार वर्षांनी लहान, आडव्या बांध्याची आणि उभ्या गावाला पुरून उरेल अशा तोंडाची. दोघींची दारं समोरासमोर. दोघींनी जन्मभर लगतच्या दोन तासांत कापूस वेचला. रुपीबाईचा नवरा गेला आणि मुलगा रजत यवतमाळला एका दुकानात कामाला लागला, तेव्हापासून रुपीबाई रात्री निजायला विमलताईच्या ओसरीवर जाई. बंद खोलीत एकटीनं झोपणं तिला जमलंच नव्हतं. माहेरी दहा भावंडं, सासरी मोठं खटलं, मग नवरा, मग विमल. एकटीनं झोपायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती.

बस निघायच्या सकाळीच विमलताईच्या सुनेला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला दोन आठवडे होते, पण पोटातल्या लेकराला सहल काय कळते! विमलताई आपलं गाठोडं घेऊन आली ती रुपीबाईला बसमध्ये बसवायलाच.

"तू नाई तं मी बी नाई," रुपीबाई म्हणाली आणि उतरायला लागली.

विमलताईनं तिला दंडाला धरून परत सीटवर बसवलं. "चुपचाप जाय. जलम गेला त्या वावराच्या धुऱ्यावर. दोघीच्या वाटचं पाहून येजो आन मले सांगजो." मग ती खाली उतरून प्रेरणाजवळ आली. तिचा आवाज उतरला होता. "पोरी, इले एकटी निजवू नको. इले भेव वाटते. बाकी काई करू नको, फक्त एकटी निजवू नको."

"मी हावो ना, मावशी," प्रेरणा म्हणाली. "सोबतीण मीच तिची."

सहा दिवस तिनं ते पाळलं. माहूरच्या पायऱ्या रुपीबाई तिचा हात धरून चढली. बासरच्या धर्मशाळेत दोघींनी एक चादर अंथरली. चारमिनारच्या बाजारात रुपीबाईनं विमलताईच्या नव्या नातवासाठी झबलं घेतलं. मुलगा झाल्याचा फोन दुसऱ्याच दिवशी आला होता. गोवळकोंड्याला वाटाड्यानं दाखवलं, की खालच्या कमानीत टाळी वाजवली तर ती वर किल्ल्याच्या माथ्यावर ऐकू येते. पूर्वी शत्रू आला की असा निरोप जाई म्हणे. रुपीबाईला त्याचं फार नवल वाटलं. सगळ्या पुढं गेल्या तरी ती कमानीखाली उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि विचारत होती, "आयकलं काय व कोनी?" वर गेलेल्या बायका ओरडल्या, "आयकलं, आयकलं, या आता!" तेव्हा ती हसत निघाली.

सातव्या दिवशी हॉटेल आलं. फेटेवाल्यानं सलाम ठोकला आणि बायकांनी त्याला वाकून उलट नमस्कार केला. खोल्या सहाव्या मजल्यावर होत्या. एकेका खोलीत दोघी. लिफ्टमध्ये रुपीबाईनं डोळे गच्च मिटले आणि प्रेरणाच्या पदराचं टोक मुठीत धरलं. वर मऊ गालिचा लागला, तशा सगळ्या बायकांनी चपला काढल्या आणि आपापल्या खोलीच्या दाराबाहेर ठेवल्या. गालिच्यावर चपला घालून कोण चालतं? त्या लांबलचक व्हरांड्यात दारादारापुढं चपलांचे जोड लागले. हॉटेलची पोरं तोंडावर हात धरून हसली. हसोत बिचारी.

रुपीबाई आधी खाली बसली. मग गादीच्या कडेवर टेकली. मग हात फिरवून म्हणाली, "माय, याच्यावर निजू का याले पुजू?" प्रेरणानं तिला पलंगावर नीट झोपवलं, एसीचा गारवा कमी केला, न्हाणीघर दाखवलं. दुसरा पलंग विमलताईचा, रिकामा. त्या वर्षी पहिल्यांदाच प्रेरणा हॉटेलात झोपणार होती. तिला स्वतःला त्याचा आनंद झाला होता, हे खोटं कशाला बोलायचं.

तेवढ्यात भारतचा फोन आला. पोलीस बस उभी राहू देत नव्हते. टाकी बघून तर जास्तच बिघडले होते. प्रेरणा उठली.

"कुठं चालली?" रुपीबाईनं विचारलं.

"खाली बसजोळ. तू नीज, मावशी. मी येते."

"येशीन ना?"

"येते ना व. निज तू."

पोलिसांची समजूत काढून, दोन रस्ते पलीकडं बस लावून होईस्तोवर प्रेरणाचे पाय भरून आले. सहा दिवसांची दगदग अंगात होती. भारत पाणी आणायला गेला आणि ती सीटवर जराशी आडवी झाली. जराशीच, असं ती आजही सांगते. डोळे उघडले तेव्हा काचेतून उजेड आला होता आणि रस्त्यावर दूधवाले फिरत होते.

ती धावत हॉटेलात आली. सहाव्या मजल्यावर दोनचार बायका उठून व्हरांड्यात बसल्या होत्या. रुपीबाईच्या दाराबाहेर तिच्या निळ्या पट्ट्याच्या चपला जशाच्या तशा होत्या. "निजली असन अजून," एक जण म्हणाली. "चपला अथीच हायेत. मऊ लागलं बुढीले." बाकीच्या हसल्या आणि सगळ्यांना उठवून चहाला खाली घेऊन गेल्या. प्रेरणालाही क्षणभर हायसं वाटलं. तिनं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग हॉटेलच्या पोराकडून उघडून घेतलं. दिवे चालू होते. पलंगावर कोणी नव्हतं.

रुपीबाई सापडली ती मागच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर. झाडूवालीनं पाहिलं. आग लागली तर पळायला ठेवलेला तो सिमेंटचा जिना. त्याची दारं व्हरांड्यातून ढकलली की उघडतात आणि मागं आपोआप बंद होतात. जिन्याच्या बाजूनं ती उघडत नाहीत. तळाचं दार बाहेर उघडायला हवं, पण चोरीच्या भीतीनं हॉटेलवाल्यांनी त्याला कुलूप घातलं होतं. आग लागली असती तर काय, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता, कारण आग अजून लागली नव्हती.

काय झालं असेल ते समजायला कोणा हुशार माणसाची गरज नव्हती. जाग आली, शेजारचा पलंग रिकामा. येते म्हणालेली प्रेरणा आली नाही. म्हणून तिला शोधायला बाई बाहेर पडली. दार मागं लागलं. लिफ्टमध्ये एकटीनं शिरायची छाती नाही, म्हणून जिना शोधला. तेही दार मागं लागलं. मग खाली. मग वर. प्रत्येक मजल्यावर एक दार. मोबाईल विमलताईकडे असे, तिच्याकडे नव्हताच.

मॅनेजर तरुण होता, गोड बोलणारा. बायका खाली चहाला असतानाच दोन माणसांकडून त्यानं रुपीबाईला उचलून खोलीत आणवलं आणि पलंगावर निजवलं, अंगावर पांढरं पांघरूण घातलं. हॉटेलचा डॉक्टर आला, हृदय बंद पडलं म्हणाला. ते खरंच होतं. मॅनेजर प्रेरणाला बाजूला घेऊन हिंदीत समजावू लागला. जिन्यात मिळाली म्हटलं तर पोलीस येतील, चिरफाड होईल, दोन दिवस देह मिळणार नाही, तुमच्या बायका परक्या शहरात अडकतील. झोपेत गेल्या म्हटलं तर बर्फासकट गाडी मी देतो, संध्याकाळपर्यंत घरी पोचतील. शेवटी अम्मा तर परत येणार नाहीत.

प्रेरणा नाही म्हणू शकली असती. तिनं म्हणायला हवं होतं. पण पांघरुणाखालून रुपीबाईचा हात दिसत होता. बोटांची पेरं सुजून निळी झाली होती. तो हात कोणी पाहू नये, एवढं एकच तिच्या मनात आलं. तिनं तो आत सरकवला आणि मान हलवली. जाताना तिनं दारासमोरच्या चपला उचलून आपल्या पिशवीत टाकल्या.

दुपारपर्यंत सगळ्या बायकांना कळलं, की रुपीबाई झोपेत गेली. रडारड झाली आणि मग हळूहळू दुसरंच बोलणं सुरू झालं. कोणी म्हणालं, पुण्यवान बाई. कोणी म्हणालं, राजाच्या गादीवर गेली, हाल नाही, खस्ता नाही. बस दारव्ह्याला पोचेपर्यंत ते मरण इतकं देखणं झालं होतं, की दोघीतिघींना हेवा वाटायला लागला.

चिंचखेडला गाडी पोचली तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. रजत यवतमाळहून आला होता. त्यानं प्रेरणाला दोष दिला नाही, उलट हात जोडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत होता, "आई फाईव्ह स्टारमंधी गेली. झोपेत." रडता रडता त्याच्या आवाजात अभिमान होता. त्यात वाईट काही नव्हतं. आईला जन्मात जे देता आलं नाही, ते शेवटी मिळालं, असं त्याला वाटत होतं.

आंघोळ घालायला बायका उठल्या. चार जणींनी लुगड्यांचा आडोसा धरला. तेवढ्यात समोरच्या घरातून विमलताई आली. कोणीतरी म्हणालं, "तुह्या घरी सोयर हाये, आठ रोजाचं लेकरू हाये, तू नको हात लावू."

"व्हय बाजूले," विमलताई म्हणाली. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. तिनं प्रेरणाकडे पाहिलं. "तू पानी टाक."

प्रेरणा तांब्यानं पाणी घालत होती, विमलताई धूत होती. आधी तोंड, मग मान, मग छाती. हात धुताना ती थांबली. सुजलेली पेरं तिनं अंगठ्यानं चाचपून पाहिली, एकेक. मग पायांशी गेली. रुपीबाईचे तळवे काळे होते, सिमेंटच्या धुळीनं माखलेले, आणि डाव्या टाचेला सालपट निघालं होतं.

आडोशाबाहेर सहलीतली एक बाई सांगत होती, कशी मऊ गादी होती, बसलं की हातभर खाली जाय.

विमलताई तळवे घासत राहिली. मान वर न करता, फक्त प्रेरणाला ऐकू येईल एवढ्या आवाजात तिनं विचारलं, "गादीवर मेली मनतेत. मंग टाचा काहून अशा?"

प्रेरणाच्या हातातला तांब्या थांबला. एक खोटं बोलून झालं होतं. दुसरं तोंडातून निघेना. "जिन्यात मेली, मावशी," ती म्हणाली. "दारं लागली. तिले निघता आलं नाई."

"तू कुठं होती?"

"बसमंधी. मी येते म्हनलं तिले. माहा डोळा लागला."

विमलताई ओरडेल, गाव गोळा करेल, थोबाडीत मारेल, असं प्रेरणाला वाटलं. त्यातलं काहीही झालं असतं तर तिला चाललं असतं. विमलताईनं रुपीबाईची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली.

"लय ठोकलं असन न व तिनं?" ती म्हणाली. "कोनीच आयकलं नाई?"

गोवळकोंड्याच्या कमानीत वाजवलेली टाळी तेवढ्या उंचावर ऐकू गेली होती. प्रेरणानं पुन्हा पाणी घातलं. विमलताईनं उरलेले तळवे घासून स्वच्छ केले, टाचेच्या सालपटाला हळद लावली आणि आडोसा धरलेल्या बायकांना म्हणाली, "आना लुगडं."

तेरवीच्या आदल्या दिवशी प्रेरणा रजतकडे गेली आणि त्याला सगळं सांगितलं. जिना, कुलूप, मॅनेजर, आपली झोप. हॉटेलवाल्यांवर केस कर, मी साक्ष देईन, आणि माझ्यावर करायची असेल तर तीही कर, असं म्हणाली. रजत ओट्यावर बसून ऐकत होता. तो आत गेला, पाणी पिऊन बाहेर आला.

"ताई, हे मले सांगतलं, आता दुसऱ्या कोनाले सांगू नका," तो म्हणाला.

"अरे पन त्याईनं कुलूप..."

"झोपेत गेली, तेच राहू द्या. पाया पडतो तुमच्या. मलेबी रात्री डोळा लागला पाह्यजे का नाई?"

प्रेरणा खाली मान घालून परत आली. खरं सांगून मोकळं व्हायला गेली होती, आणि आपलं ओझं आणखी एकाच्या डोक्यावर ठेवून आली.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, असं म्हणतात. इथं काळाचं माहीत नाही, माणसं मात्र सोकावली. दिवाळी होत नाही तो प्रेरणाला फोन यायला लागले. दिग्रसहून, नेरहून, पार बाभुळगावहून. पुढल्या वर्षी कुठं नेणार? हॉटेल तेच ना? एका म्हातारीनं तर सुनेकडून फोन लावून घेऊन सांगितलं, "मले बी रुपीबाईवानी मरन आलं पाह्यजे, पोरी. माह्या नावाची खोली धरून ठेव." पहिल्या पाच वर्षांत एवढी मागणी कधी आली नव्हती. प्रेरणा प्रत्येकीला सांगे, सहल बंद केली. का, म्हणून विचारलं की म्हणे, गुडघे दुखतात. भारतनं बस शाळेच्या पोरांना लावली. खानावळीत ती पोळ्या लाटत राही, आणि मागच्या दाराला कडी घातलेली तिला चालत नसे. त्यावरून नवऱ्याशी रोज वाद होई. कुत्रं आत येतं, तो म्हणे. येऊ दे, ती म्हणे.

यंदाचा पोळा झाला. दुपारची गर्दी ओसरली होती आणि प्रेरणा तवा घासत होती. दारात विमलताई उभी राहिली. हातात तेच गाठोडं, जे घेऊन ती गेल्या वर्षी बसपर्यंत आली होती. वर्षभरात बाई निम्मी झाली होती. प्रेरणानं हात पुसून पाट दिला, पाणी दिलं.

"तेरवीले रजतनं नव्या चपला दान देल्ल्या," विमलताई म्हणाली. "नव्या तिले चावत. तिच्या त्या जुन्या कुठं हायेत?"

प्रेरणा आत गेली. पिठाच्या डब्यामागून तिनं पिशवी काढली आणि विमलताईपुढं ठेवली. निळा पट्टा, अंगठ्याशी दोऱ्यानं शिवलेला. तो विमलताईनंच शिवून दिला होता. तिनं दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"अनवाणी फिरत असन थे तिथं," ती म्हणाली. "चाल. या नेऊन ठेवू."

"मावशी, थे लोक आपल्याले जिन्यात जाऊ देनार नाईत."

"नाई जाऊ देल्लं तं दाराशी ठेवू. कुलपाच्या दाराशी. बाहेरून." विमलताईनं चपला पिशवीत घातल्या आणि गाठोडं उचललं. "पन एकटी मी बी नाई जाऊ शकत. तू संग पाह्यजे." ती दारापर्यंत गेली, थांबली आणि मागं वळली. "आन या बारीनं येते मनशीन, तं येजो."

प्रेरणानं अर्धा घासलेला तवा तसाच सोडला आणि पायांत चपला सरकवल्या.